कळलावीचे फूल

बहुतेक फुले पाहणाराकडे तोंड करून उमलतात. गुलाब, झेंडू किंवा कमळ ह्यांची ओळख करून घेण्यासाठी कोणाला फारसे श्रम पडत नाहीत. परंतु काही फुले मान खाली घालूनच जन्माला येतात. त्यांचे रूप पाहावयाचे असेल तर पाहणारालाच वाकावे लागते, किंवा बोटाने त्यांची हनुवटी हलकेच उचलावी लागते. युरोपातील हेलेबोर हे अशा फुलांपैकी एक होय. तिकडच्या बागा थंडीने ओस पडलेल्या असतात, झाडांवर पान उरलेले नसते, अशा वेळी नाताळपासून वसंताच्या आरंभापर्यंत केव्हातरी ह्या बुटक्या झाडाला पांढरी, फिकट हिरवी किंवा जांभळट फुले येतात. ज्यांना लोक पाकळ्या समजतात ती वस्तुतः फुलाची पाच निदले असतात. खऱ्या पाकळ्या आक्रसून मधाच्या इवल्याशा कुप्या होऊन राहिलेल्या असतात. निदले गळून पडत नाहीत, म्हणून ते फूल दोनदोन महिने झाडावर टिकते. खाली वळलेल्या फुलाचे पराग पावसात भिजत नाहीत, हा त्या नम्रतेचा व्यावहारिक अर्थ.

ह्या फुलाची दुसरी बाजू तितकीशी सौम्य नाही. हेलेबोरचे मूळ विषारी आहे. आर्गॉसच्या राजाच्या मुलींना वेड लागले असता मेलॅम्पस नावाच्या द्रष्ट्याने हेलेबोर देऊन त्यांना बरे केले, अशी ग्रीकांची पुराणकथा आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी किऱ्हा नावाच्या नगराला वेढा पडला, तेव्हा नगराच्या पाण्यात हेलेबोरची मुळे टाकून रक्षकांना अतिसाराने हैराण केले गेले, असेही ग्रीक ग्रंथकारांनी लिहून ठेवले आहे. औषध आणि विष अशी दुहेरी कीर्ती घेऊन आलेले हे झाड आज युरोपातील घरोघरच्या बागेत मानाने नांदते. लोक ते हाताळताना हातमोजे घालतात, मुलांना त्याची ओळख करून देतात, आणि मान लवलेली फुले खुडून पाण्याच्या परडीएवढ्या पसरट भांड्यात तरंगत ठेवतात, म्हणजे त्यांची तोंडे वर येऊन मनसोक्त पाहता येतात. त्याच्या विषाची भीती आणि त्याच्या रूपाचे कौतुक ही दोन्ही तेथे एकाच घरात राहतात.

हे झाड तंजावरच्या एखाद्या घराच्या अंगणात लावता येईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर, नाही. तंजावर कावेरीच्या मुखाकडील सपाट, सखल मुलखात आहे. तेथे पौषातही थंडीने बोटे गारठत नाहीत. हेलेबोरच्या बियांना रुजण्यासाठी उन्हाळ्यानंतर थंडीचा लांब काळ हवा असतो, आणि तो त्यांना कावेरीच्या काठी कोणत्याही उपायाने मिळावयाचा नाही. भारतीय वैद्यकात ह्या झाडाचे नाव तेवढे आले, झाड आले नाही. अरबांनी ग्रीकांचे वैद्यक उचलले तेव्हा हेलेबोरला त्यांनी खरबक म्हटले, आणि भारतात आल्यावर युनानी हकिमांनी हिमालयातल्या कडू कुटकीला खरबक-ए-हिंदी असे नाव देऊन टाकले. ही कुटकी, जिला तमिळ वैद्य कडुगुरोहिणी म्हणतात, हेलेबोरच्या कुळातली नाही. त्या कुळातला हिमालयवासी नातलग म्हणजे बचनाग, अर्थात वत्सनाभ. तोही थंड प्रदेश सोडून खाली उतरत नाही.

परंतु परदेशच्या वस्तूची बरोबरी करणारी आपल्या भूमीतली वस्तू कोणती, हा प्रश्न विचारण्यास तंजावरइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. ह्या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये राज्यावर आले आणि १८३२ मध्ये वारले. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेलेला, सत्ता किल्ल्यापुरती उरलेली, अशा स्थितीत ह्या राजाने आपली सारी हौस विद्येकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ त्यांनी केली, जगाचा भूगोल सांगणारे मराठी कुरवंजी नाटक त्यांच्या नावावर आहे, आणि त्यांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही वैद्यकपद्धतींचा अभ्यास चालत असे. तेथील अनुभवसिद्ध उपचार तमिळ पद्यात बांधले गेले. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' ह्या नावाने ते पुढे ग्रंथालयाने प्रसिद्ध केले. राजाने वनस्पतींची चित्रेही करवून घेतली. तंजावरपासून जवळच समुद्रकाठी तरंगंबाडी हे डॅनिश लोकांचे ठाणे १६२० पासून होते. तेथे १७६८ मध्ये आलेला योहान गेरहार्ड कोनिग हा वनस्पतिशास्त्रज्ञ थोर लिनियसचा शिष्य होता. मराठी, तमिळ, संस्कृत, फारसी आणि युरोपीय भाषा एका गावात नांदत असताना एकाच झाडाची पाच नावे एकमेकांशी ताडून पाहणे हे तंजावरच्या विद्वानांचे नित्याचे काम असले पाहिजे.

अशा नजरेने शोधू लागले म्हणजे हेलेबोरचे काम करणारे फूल कुंपणावरच सापडते. तमिळ भाषेत त्याला सेंगांदळ म्हणतात आणि मराठीत कळलावी. कुळाने ह्या दोन झाडांचा काडीमात्र संबंध नाही. एक बुटके झुडूप, दुसरी सहासात फुटांची वेल. एक हिमाची सोबतीण, दुसरी पावसाची. तथापि त्यांचा स्वभाव एक आहे. दोघांचीही फुले मान खाली घालतात, दोघांचीही फुले झाडावर दीर्घकाळ टिकतात, दोघांच्याही अंगात तीव्र विष आहे, आणि दोघांनाही वैद्यांच्या पेटीत जागा मिळाली आहे. फरक आहे तो माणसांच्या वागण्यात. युरोपीय गृहस्थाने विष ओळखून हेलेबोरला घरात घेतले. मराठी गृहस्थाने कळलावीला बहुधा घराबाहेरच ठेवले, आणि त्यासाठी जे कारण सांगितले ते विषाचे नव्हते.

ते कारण तिच्या नावातच दडलेले आहे. मराठीत कळ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वेदना आणि दुसरा भांडण. बाळंतपण अडले असता ह्या वेलीचा कंद उगाळून लावण्याची रीत होती. त्यामुळे कळा सुरू होतात अशी समजूत असल्याने ती कळ लावणारी, कळलावी. हा पहिला अर्थ बहुधा सुइणींनी दिलेला. दुसरा अर्थ लोकांनी दिला. कळलाव्या नारदाशी परिचय असलेल्या समाजाला ह्या नावातून घरात भांडण लावणारी वेल दिसू लागली. वेल दारात लावली, किंवा तिचे फूल घरात आणले, की सासूसुनांत आणि भावाभावांत तंटा उभा राहतो, असा समज पसरला. एका शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने एका सुंदर फुलाला घराचा उंबरठा बंद करून टाकला. भाषेच्या अशा करामती इतरत्रही आढळतात. पण त्यांचे फळ असे पिढ्यान्‌पिढ्या भोगण्याची वेळ फार थोड्या फुलांवर आली असेल.

तमिळ लोकांनी ह्या फुलाला काय म्हटले हे त्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. संगमकाळातील कपिलर ह्या कवीच्या 'कुरिंजिप्पाट्टु' ह्या काव्यात मुलींनी डोंगरावर वेचलेल्या नव्याण्णव फुलांची यादी येते, आणि त्या यादीत पहिला मान सेंगांदळला मिळाला आहे. मुरुगन देवाच्या गळ्यात ह्या फुलांची माळ असते, आणि स्त्रियांच्या बोटांना कांदळच्या पाकळ्यांची उपमा देणे हा प्राचीन तमिळ कवींचा संकेतच होता. हे काव्य ज्या 'पत्तुप्पाट्टु' नावाच्या संग्रहात आहे तो १८८९ मध्ये ज्यांनी संपादून छापला ते उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील उत्तमदानपुरमचे. त्यांचा जन्म १८५५ चा, म्हणजे तंजावरची मराठी गादी ज्या वर्षी संपली त्या वर्षीचा. आज तमिळनाडू राज्याने सेंगांदळला आपल्या राज्यपुष्पाचा मान दिलेला आहे.

एवढ्यावरून तमिळ लोक रसिक आणि मराठी लोक अरसिक असा निकाल देण्याची घाई मात्र कोणी करू नये. तमिळ खेड्यांत ह्याच वेलीचे दुसरे नाव कण्वलिक् किळंगु असे आहे. त्याचा अर्थ डोळेदुखीचा कंद. ह्या फुलाकडे टक लावून पाहिले तर डोळे येतात, असा तिकडचा लोकसमज. उलट कोकणात काही ठिकाणी ह्याच फुलाला गौरीचे हात म्हणतात आणि भाद्रपदात गौरीच्या पूजेत त्याला स्थान देतात. संगमकालीन कवीला ज्यात तरुणीची बोटे दिसली त्यात कोकणातल्या बाईला गौरीचा हात दिसावा, हा योगायोग मोठा रम्य आहे. तात्पर्य, दोन्ही भाषांत ह्या फुलाला दोन प्रकारची नावे आहेत. एक प्रकार त्याच्या रूपाकडे पाहणारा, दुसरा त्याच्यापासून दूर राहावयास सांगणारा. संस्कृतातही हीच तऱ्हा. फुलावरून अग्निशिखा, नांगरासारख्या वाकड्या कंदावरून लांगली, आणि कंदाच्या दारुण गुणावरून गर्भपातिनी. तमिळमध्येही नांगराचा कंद ह्या अर्थाचे कलप्पैक् किळंगु हे नाव प्रचारात आहेच. केरळात तिला मेन्दोन्नी म्हणतात. व्हान ऱ्हीडने १६७८ ते १६९३ ह्या काळात प्रसिद्ध केलेल्या 'होर्टुस मलबारिकुस' ह्या बारा खंडांच्या ग्रंथात ती ह्याच नावाने आली आहे. त्या ग्रंथाच्या कामी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्य साहाय्यक होते. त्यांची देवनागरी लिपीतील साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. लिनियसने १७५३ मध्ये ह्या वेलीला जे शास्त्रीय नाव दिले त्या ग्लोरिओसा सुपर्बा ह्या जोडशब्दाचा अर्थ वैभवशाली आणि दिमाखदार. इतक्या साऱ्या नावांत भांडणाचा आरोप करणारे नाव एकच आहे, आणि ते मराठी आहे.

हा समज निव्वळ वेडगळ म्हणून झटकून टाकण्यापूर्वी त्याने कोणते काम केले तेही पाहिले पाहिजे. कळलावीचा कंद दिसावयास रताळ्यासारखा किंवा कोनफळासारखा दिसतो. तो चुकून खाल्ला जाऊन माणसे दगावल्याच्या नोंदी भारतात आणि श्रीलंकेत वैद्यकीय नियतकालिकांतून झालेल्या आहेत. कंद पोटात गेल्यावर काही तासांत तोंडाची व घशाची आग, ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. पुढे मूत्रपिंडे, हृदय आणि रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा ह्यांवर आघात होतो. रोगी वाचलाच तर आठपंधरा दिवसांनी त्याचे केस झडतात. ह्या विषावर हमखास लागू पडणारा उतारा वैद्यांच्या हाताशी नसतो. लक्षणे सावरीत राहणे आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठणे एवढेच करता येते. आयुर्वेदाने लांगलीला उपविषात घातले आणि शोधन केल्यावाचून तिचा वापर करू नये असे सांगितले, ते ह्याच अनुभवाने. ज्या घरात लहान मुले परसात माती उकरीत खेळतात त्या घरापासून ही वेल भांडणाच्या धाकाने दूर राहिली असेल, तर त्या धाकाने काही जीव वाचविले असणे शक्य आहे.

पण धाक आणि ज्ञान ह्यांत एक मोठा भेद आहे. धाकाचे कारण खोटे ठरले की धाकही जातो, आणि त्याच्या मागे काहीच उरत नाही. शहरात वाढलेल्या मुलाला वेलीमुळे भांडणे होतात हे पटत नाही, पटू नयेच. ते मूल रोपवाटिकेतून सुंदर फुलांची वेल म्हणून कळलावी विकत आणते, आणि आजीने तिच्याबद्दल जे सांगितले ते खोटे असल्याने जे खरे सांगावयास हवे होते तेही त्याच्यापर्यंत पोचत नाही. भांडणाची भीती गेली, विषाची माहिती आली नाही, अशी ही मधली स्थिती पूर्वीच्या अज्ञानापेक्षाही अधिक घातक आहे. म्हणून कळलावीला अंगणात घ्यावयाचे असेल तर नावातला दुसरा अर्थ सोडून देऊन विषाची पूर्ण ओळख तिच्यासोबत आत घ्यावी लागेल.

ह्या विषाची थोडी अधिक ओळख करून देणे इष्ट होईल. त्यातील मुख्य द्रव्य कोल्चिसिन. १८२० मध्ये पेलेटिये आणि काव्हाँतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनी ते कोल्चिकम नावाच्या युरोपीय कंदातून प्रथम वेगळे काढले. कळलावी त्या कोल्चिकमच्याच कुळातली असल्याने तिच्या कंदात आणि बियांतही ते आढळते. रक्तातील यूरिक आम्ल वाढून अंगठ्याच्या सांध्यात जी असह्य कळ उठते, त्या विकारावर हे द्रव्य अत्यल्प मात्रेत गुणकारी ठरले आहे. म्हणजे जी कळ लावणारी म्हणून बदनाम झाली तीच एका कळीवर उतारा देते. पेशींची विभागणी अडवून धरण्याचा गुणही ह्या द्रव्यात आहे. १९३७ पासून शास्त्रज्ञांनी त्याचा उपयोग करून वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्याचे तंत्र रूढ केले. आज तमिळनाडूत दिंडुक्कल, करूर, तिरुप्पूर, अरियलूर ह्या भागांत कळलावीची शेती होते आणि तिचे बी औषधासाठी परदेशी जाते. वेदारण्यम् भागातही, जो १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच मोडत असे, तिची लागवड होत आली आहे. मात्र रानातील कंद औषधासाठी बेसुमार खणले गेल्याने अनेक ठिकाणी रानवेल विरळ झाली आहे. एकेका घराने चार वेली नीट जतन केल्या तर तेवढीच त्या जातीला सोबत होईल. रानातून उपटून मात्र त्या आणू नयेत, माहितगार रोपवाटिकेतून घ्याव्या.

आता लागवडीविषयी. कळलावीचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा काटकोनात वाकलेला असतो, आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला एकच डोळा असतो. तो डोळा नाजूक असून धक्क्याने मोडतो, आणि मोडला तर ती शाखा फुटत नाही. म्हणून कंद उचलताना हातमोजे घालून, दोन्ही हातांवर आडवा धरून उचलावा. तंजावरच्या सखल भागात कावेरीच्या गाळाची चिकणमाती आहे. ती भाताला जितकी मानवते तितकी ह्या कंदाला मानवत नाही, कारण तीत पाणी साचून कंद कुजतो. तेव्हा जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफा करावा, किंवा मोठी कुंडी घ्यावी आणि मातीत निम्म्याच्या आसपास वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळावा. कंद तीन बोटे खोल, आडवा ठेवून मातीने झाकावा. महाराष्ट्रात मृगाच्या पावसाबरोबर ही लागवड करावी. तंजावरकडे आडि महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढे, कावेरीच्या पाण्याने मुलूख हिरवा होऊ लागतो त्या दिवसांत केली तरी चालते. कोंब वर येईपर्यंत पाणी बेताने द्यावे, नंतर नियमाने.

वेल वाढू लागली की तिला आधार हवा, आणि ह्या आधाराची निवड करताना पुष्कळांची गफलत होते. कळलावीला वेगळे ताणे नसतात. तिच्या पानाचेच टोक लांबून वळते आणि जवळच्या वस्तूला विळखा घालते. हा विळखा बोटभर जाडीच्या बांबूला बसत नाही. त्याला बारीक काटकी, सुतळी किंवा तार लागते. म्हणून वाळलेल्या झुडपाची फांदी रोवणे, किंवा दोन खांबांमध्ये सुतळीची जाळी ताणणे, हा सोपा उपाय. जागा अशी निवडावी की मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन मिळेल. काळ्या अंगावर पांढरे व नारिंगी ठिपके असलेली एक अळी ह्या वेलीची पाने अधाशीपणे खाते. विषारी पाने तिला बाधत नाहीत. सकाळी वेल न्याहाळून अळ्या काडीने वेचून काढल्या की बहुतेक काम भागते. बियांपासूनही रोपे होतात, पण ती फुलावर यावयास तीनचार वर्षे लागतात. तेवढा धीर नसलेल्याने कंदच लावावा.

परंतु फूल लावणे आणि फूल पाहणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि दुसरे काम कित्येकदा अधिक कठीण असते. कळलावीची कळी हिरवी, खाली लोंबणारी. ती उमलताना तिच्या सहा पाकळ्या मागे वळून आकाशाकडे झेपावतात. फुलाचे तोंड भुईकडे आणि ज्वाळा वर, अशी ती रचना असते. पाकळ्यांच्या कडा कुरळ्या असतात. पहिल्या दिवशी त्या बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी हिरवट दिसतात, मग शेंदरी छटा चढते, आणि काही दिवसांत सारे फूल लालभडक होते. वेलीवर पुढची मागची फुले एकाच वेळी असल्याने हिरव्यापासून लालपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या एका नजरेत पाहावयास मिळतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात, आणि स्त्रीकेसराचा दांडा मुळाशीच काटकोनात वळून त्यांच्यापासून दूर जातो. ह्या वळणामुळे त्याच फुलाचे पराग त्यावर सहसा पडत नाहीत, एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत फुलपाखरांनी नेल्यावाचून बी धरत नाही. शेतात तेवढी फुलपाखरे कोठून असावयाची? म्हणून तमिळ शेतकऱ्यांच्या मळ्यांत सकाळच्या प्रहरी मजूर बाया फुलाफुलाला हाताने पराग लावीत फिरतात. फुलाचे वळण ज्याने एकदा नीट पाहिले त्याला त्या बायांचे कष्ट कशासाठी ते सांगावे लागत नाही.

हेलेबोर पाहण्यासाठी वाकावे लागते, कळलावी पाहण्यासाठी तिच्या बाजूला उभे राहावे लागते. म्हणून जाळी डोळ्यांच्या उंचीएवढी उभारावी आणि तिच्या आड सूर्य येईल असे पाहावे. सकाळच्या तिरप्या उन्हात फुलाला आतून दिवा लावल्यासारखे दिसते. तंजावरचा पाऊस बराचसा परतीच्या मोसमी वाऱ्यांबरोबर, ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत येतो. त्याच दिवसांत ही वेल भरास येते. तमिळ सौर पंचांगातला कार्तिगै महिना नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होतो, आणि त्याच्या पौर्णिमेच्या सुमारास दारोदारी पणत्या लागतात. ह्या फुलाला तमिळमध्ये कार्तिगैप्पू हेही नाव आहे. ओलसर संध्याकाळी उंबऱ्यावर पणत्यांची ओळ आणि कुंपणावर उलट्या ज्योतींची वेल, असे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला अग्निशिखा हे संस्कृत नाव कोणाला का सुचले हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

घरात लहान मूल, गाय किंवा शेळी असेल तर वेल कुंपणाच्या आत, त्यांच्या तोंडाच्या व हातांच्या टप्प्याबाहेर लावावी. रताळी, आले, हळद किंवा सुरण ह्यांच्या वाफ्याजवळ तिला कधीही जागा देऊ नये. तिला हात लावल्यावर हात धुवावेत. मुलांना ती दाखवावी, नाव सांगावे, आणि हे नाव तिला कसे पडले तेही सांगावे. फूल पाहावे, तोंडात घालू नये, एवढे मुलाला समजते, आणि कारण सांगितले तर ते ध्यानातही राहते. तंजावरच्या ज्या घरांत अजून मराठी बोलली जाते तेथे तर ह्या एका वेलीच्या निमित्ताने कळलावी आणि सेंगांदळ अशी दोन्ही नावे मुलांच्या कानावर घालता येतील. एका नावाने जपून वागावयास शिकविले आणि दुसऱ्याने पाहावयास, तर दोन भाषांच्या सहवासाचा तो सहज मिळालेला लाभ ठरेल.

पौष-माघात शेंगा पिकून तडकतात आणि त्यांतून शेंदरी बिया दिसू लागतात. त्या वेळेवर काढून घ्याव्या, कारण मुलांना त्यांचा मोह पडतो. मग पाने पिवळी पडतात, वेल वाळते, आणि पाणी बंद करावे लागते. पुढचे काही महिने कुंडीत किंवा वाफ्यात वर काहीच दिसत नाही. घरात नवीन आलेल्या माणसाला ती रिकामी माती वाटते, आणि तिथे काहीतरी पेरावे असे त्याच्या मनात येते. वेल फुललेली असते तेव्हा तिची ओळख सांगणारे पुष्कळ असतात. म्हणून कंदाजवळ एक पाटी रोवावी, तीवर कळलावीचे नाव आणि विषारी हा शब्द ठळक लिहावा, आणि वेल वाळून गेल्यावर वाळलेल्या काटक्यांबरोबर ती पाटी उपटून टाकू नये. तिची खरी गरज त्या रिकाम्या दिसणाऱ्या महिन्यांतच असते.